बाटलीतलं गोड दूध आणि पावणेतीन वर्षांच्या मुलाचे आठ दात

सोलापूरच्या विडी घरकुलातलं दोन खोल्यांचं घर. वडील यंत्रमागावर, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. आई आणि आजी घरी विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने मिळते, त्यामुळे मांडीवरचं सूप खाली ठेवून उठणं परवडत नाही. मुलगा दोन वर्षं नऊ महिन्यांचा, वजन ११.८ किलो. (हे एकाच घराचं वर्णन नाही. अशा अनेक घरांत दिसणाऱ्या गोष्टी एका प्रकरणात गुंफल्या आहेत.)

आईची तक्रार एका ओळीची होती: "आठ दिवस झालं, रात्री झोपंना झालंय, गालावर हात ठेवून रडायलंय." आजीचं मत ठरलेलं: "दाढा यायलेत. आन् दुधाचेच दात हैत, पडणारच की."

आजीचं पहिलं वाक्य निम्मं खरं होतं. मुलाच्या तोंडात वीसपैकी अठरा दात आले होते आणि वरच्या मागच्या दोन दाढा हिरडीतून डोकावत होत्या. घोटाळा तिथेच झाला. दात येताना मूल किरकिर करतं, लाळ गाळतं, हाताला येईल ते चावतं. पण रोज रात्री ठरावीक वेळी ठणक्याने जागं होऊन एकाच गालावर हात धरत नाही. तसं होत असेल तर दाताची नस सुजल्याची शंका आधी घ्यायला हवी. इथे आठ दिवस "दाढा येतायत" यातच गेले. त्यात हिरडीवर दोनदा मिश्री चोळून झाली. दुसऱ्या वेळी पोरगं ओकलं. भाजलेल्या तंबाखूतलं निकोटिन लहान मुलाच्या तोंडातून झपाट्याने रक्तात जातं. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला भारतात १९९२ पासून बंदी आहे, मिश्री मात्र घराघरात तव्यावर भाजली जातेच.

औषधाच्या दुकानातून आणलेलं अँटिबायोटिकही तीन दिवस देऊन मध्येच थांबवलं होतं. त्याने ठणका थांबणार नव्हताच. नस सुजलेली असते ती दाताच्या आतल्या बंद पोकळीत, आणि औषध तिथली कीड काढत नाही. ताप नाही, चेहऱ्यावर सूज नाही, पू एका जागी आहे, अशा वेळी लहान मुलाला अँटिबायोटिक लागत नाही. लागतो तो दातावरचा उपचार.

तोंडात काय दिसलं

तपासणी गुडघ्याला गुडघा लावून केली. आई आणि डॉक्टर समोरासमोर बसतात, मुलाचे पाय आईच्या कमरेभोवती, डोकं डॉक्टरांच्या मांडीवर. मूल आईला पाहत राहतं. रडलं तरी तोंड उघडंच असतं, म्हणजे रडण्याचाही उपयोग होतो. आधी वरचा ओठ वर उचलला, दात कापसाने कोरडे केले, मग पाहिलं. ही कोरडं करण्याची पायरी महत्त्वाची आहे, कारण किडीची सुरुवात म्हणजे हिरडीला लागून असलेली खडूसारखी पांढरी रेघ. ओल्या दातावर ती दिसत नाही आणि दिसली तर दुधाची साय वाटते.

दंतवैद्यकात दुधाच्या दातांना ५१ ते ८५ मधले क्रमांक आहेत. त्या हिशोबाने चित्र असं होतं. वरचे मधले दोन पटाशीचे दात, ५१ आणि ६१, निम्मे झिजून तुटलेले. ६१ च्या मुळाशी हिरडीवर पुळी, दाबली की पू. त्यांच्या शेजारचे ५२ आणि ६२ तपकिरी आणि मऊ. वरच्या डाव्या पहिल्या दाढेत, ६४ मध्ये, खोल खड्डा. रात्रीचं रडणं हिचंच. वरची उजवी पहिली दाढ ५४ आणि खालची डावी पहिली दाढ ७४, दोन्हींत मध्यम खड्डे. ७४ मध्ये भाकरी अडकते, दुखते ते खातानाच. खालच्या उजव्या ८४ वर नुसती पांढरी रेघ. आणि खालचे पुढचे चारही दात स्वच्छ.

शेवटच्या वाक्यातच निदान आहे. खालचे पुढचे दात सर्वांत आधी, साधारण सहाव्या ते दहाव्या महिन्यात येतात. गोड खाण्याने सगळीकडे सारखीच कीड लागत असती, तर त्यांना ती जास्त काळ लागायला हवी होती. पण बाटली चोखताना जीभ पुढे येऊन खालच्या दातांवर बसते, आणि जिभेखालच्या लाळग्रंथींची लाळ तिथेच उतरते. दूध साचतं ते वरच्या पटाशीच्या दातांभोवती. वरचे पुढचे खराब, पहिल्या दाढा खराब, खालचे पुढचे ठणठणीत: हा क्रम दिसला की झोपताना तोंडात काय असतं, हे विचारायचं.

आईने आधी वेगळंच कारण सांगितलं होतं. अंगणवाडीतून मिळालेल्या लोहाच्या औषधाने दात काळे झाले असं शेजारणीने सांगितलं. लोहाच्या औषधाने डाग पडतात हे खरं. पण तो डाग दाताच्या पृष्ठभागावर असतो, कडक असतो आणि खरवडल्यावर खाली गुळगुळीत दात लागतो. किडलेल्या जागी चमक जाते, खड्डा पडतो, तपासणीच्या उपकरणाच्या टोकाखाली भुसभुशीत लागतं. लोहाचं औषध बंद करण्याचं काही कारण नव्हतं, आणि ते चालूच ठेवायला सांगितलं.

तीन दिवसांची वही

"गोड किती खातो?" या प्रश्नाला प्रत्येक घरात "फारसं नाही" हेच उत्तर मिळतं, आणि लोक खोटं बोलत नसतात. म्हणून तीन दिवस, त्यातला एक सुट्टीचा, तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट वेळेसह लिहायला सांगितली. एका दिवसाचं पान असं होतं: सकाळी साडेसहाला चहात बुडवलेली बिस्किटं. आठला बाटली. साडेदहाला पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा. साडेबाराला वरणभात. दोनला झोपताना बाटली. साडेचारला चहा आणि खारी. सहाला चॉकलेट, कारण आई तयार माल द्यायला निघाली आणि पोरगं मागे लागलं. आठला भाकरी-भाजी. दहाला बाटली. रात्री दीडला बाटली. साडेचारला बाटली.

अकरा वेळा. बाटली २४० मिलिलिटरची, तीत दोन चमचे साखर. चमचा चार-पाच ग्रॅमचा धरला तर एका बाटलीत आठ-दहा ग्रॅम, पाच बाटल्यांत चाळीस ते पन्नास. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांहून कमी मिळावेत अशी आहे. या वयात हजार कॅलरी धरल्या तर ती साधारण पंचवीस ग्रॅम होते. म्हणजे बिस्किटं आणि चॉकलेट मोजायच्या आधीच मर्यादा दुपटीच्या आसपास.

तरी दातांच्या दृष्टीने ग्रॅमपेक्षा "अकरा वेळा" हा आकडा वाईट. साखर तोंडात आली की जंतू काही मिनिटांत आम्ल करतात, पीएच ५.५ च्या खाली उतरतो आणि दातातलं कॅल्शियम विरघळू लागतं. लाळ ते आम्ल धुऊन पूर्ववत व्हायला साधारण अर्धा तास घेते. मधल्या वेळात दात गमावलेलं थोडं परत मिळवतो. झोपेत मात्र लाळ जवळजवळ थांबते, गिळणं मंदावतं आणि दीडची बाटली साडेचारपर्यंत दातांवर राहते. दिवसा खाल्लेला लाडू आणि रात्रीची बाटली यांत दातांना भीती बाटलीची. दुधाच्या दाताचं वरचं कवच पक्क्या दाताच्या जवळपास निम्म्या जाडीचं, साधारण एक मिलिमीटर; आत नस मोठी आणि वरपर्यंत आलेली. म्हणून पांढऱ्या रेघेपासून ठणक्यापर्यंतचा प्रवास काही महिन्यांत उरकतो.

आणखी दोन गोष्टी वहीत नव्हत्या, बोलण्यातून कळल्या. भाकरी चावून मऊ करून मुलाला भरवली जात होती, आणि आईच्या स्वतःच्या दोन दाढा किडलेल्या होत्या. कीड करणारे जंतू मुलाला बहुतेक वेळा घरच्यांच्या लाळेतूनच मिळतात. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून द्यायची, चमचा वेगळा ठेवायचा, आणि आईच्या दाढांचा उपचारही याच यादीत धरायचा असं ठरलं.

पहिली रात्र

ठरलेला उपचार तीन दिवसांनी होता, तोवर ठणका सांभाळायचा होता. घरात पॅरासिटॅमॉलची बाटली होती आणि "एक चमचा" देत होते. बाटलीवर पाहिलं तर ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमचं औषध. या मुलाला एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे जास्तीत जास्त १७७ मिलिग्रॅम. या बाटलीतून साडेतीन मिलिलिटर. चमचाभर म्हणजे तो जवळजवळ दीडपट होत होता. हेच औषध ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचंही मिळतं, त्यातून तीच मात्रा साधारण ७.४ मिलिलिटर होते. मोजणीच्या सिरिंजने, दोन डोसांत किमान सहा तास ठेवून, दिवसाला चारपेक्षा जास्त नाही. ॲस्पिरिन नाही, लवंगेच्या तेलाचा बोळा नाही (लहान मुलाच्या हिरडीला भाजतं आणि तेल गिळलं जातं), दात येण्याचं बधिर करणारं जेलही नाही. सूज डोळ्याच्या दिशेने चढली, ताप आला, गिळता येईना किंवा तोंड उघडेना, तर तारखेची वाट न पाहता त्याच रात्री सिव्हिल गाठायचं.

दाताप्रमाणे निर्णय

पहिल्याच भेटीत सुई न लावता होणारं काम केलं. ५१, ५२, ६२, ५४ आणि ७४ वर ३८ टक्क्यांचं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड. ओठांना व्हॅसलीन लावायचं, दात कापसाने कोरडे करायचे, बारीक ब्रशने एक मिनिट लावून जादाचं टिपायचं. एका थेंबात चार-पाच दात होतात. चांदीने जंतू मरतात, फ्लोराइडने भुसभुशीत भाग कडक होतो आणि किडलेली जागा कायमची काळी पडते. हे काळेपण आधी फोटो दाखवून आणि आई-वडिलांची दोघांचीही संमती घेऊन सांगायलाच हवं. एकट्या आईला सांगून भागत नाही, घरी गेल्यावर "दात जाळून आणले का?" हा प्रश्न तिलाच ऐकावा लागतो. नस गेलेल्या किंवा पू असलेल्या दाताला हे औषध चालत नाही, म्हणून ६१ आणि ६४ वगळले. ८४ आणि बाकी दातांना ५ टक्क्यांचं सोडियम फ्लोराइड वार्निश. त्या दिवशी मऊ जेवण, ब्रश दुसऱ्या सकाळी.

६१ काढायचा यात वाद नव्हता. मुळाशी पू राहिला तर वर घडत असलेल्या पक्क्या दाताच्या कवचावर डाग किंवा खड्डा येऊ शकतो. पुढचा दात लवकर गेल्याने जागा सहसा आवळत नाही. बोलण्यातही मुलं पटकन जुळवून घेतात.

६४ वर विचार करावा लागला. काढली तर एका दिवसात प्रश्न मिटतो. पण ही दाढ पडायची ती नवव्या ते अकराव्या वर्षी, आणि मधे सहाव्या वर्षी मागून पहिली पक्की दाढ ढकलत येते. रिकाम्या जागेत मागची दाढ सरकते, मग खाली वाट पाहणाऱ्या दाताला जागा राहत नाही. जागा राखणारी तार बसवता येते, पण तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या तोंडात ती टिकवणं आणि दर काही महिन्यांनी तपासायला आणणं हे रात्रपाळीच्या घराला अवघड. म्हणून नस काढून, विरघळणारी पेस्ट भरून, वर स्टीलची कॅप. आजीचं "पडणारच की" पुढच्या दातांना सहाव्या ते आठव्या वर्षी लागू होतं. दाढांना नवव्या ते बाराव्या वर्षी.

दुसरी भेट सकाळी दहाला, मूल ताजंतवानं असताना. दोन टक्के लिग्नोकेनची (हिरडी बधिर करणाऱ्या औषधाची) या वजनाला कमाल मात्रा किलोमागे ४.४ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण अडीच मिलिलिटर. ६१ आणि ६४ एकाच बाजूचे असल्याने दीड मिलिलिटरमध्ये दोन्ही झाले. घरी पाठवताना एकच गोष्ट तीनदा सांगितली: दोन तास ओठ बधिर असतो, मूल तो चावून ठेवतं, लक्ष ठेवा. त्या रात्री मुलगा सलग झोपला. ६४ ची कॅप पुढच्या आठवड्यात बसली.

५४ आणि ७४ ला ड्रिल लावलंच नाही. दाढांच्या मधे छोटी रबरी वळी चार दिवस बसवून फट केली, मग मापाची कॅप सिमेंट भरून दाढेवर ठेवली आणि मुलालाच चावायला लावली. कीड आत बंद होते, जंतूंचं अन्न तुटतं आणि ती थांबते. नस शाबूत असेल तरच हे चालतं. एक वळं घरी गळून पडलं, बहुधा गिळलं गेलं. त्याने काही बिघडत नाही. कॅपनंतर चावा किंचित उंच राहतो. मुलाने तीन दिवस भाकरी नाकारली, आमटीभातावर काढलं, चौथ्या दिवशी शेंगाचटणीसकट खाल्ली. काही आठवड्यांत चावा आपोआप बसतो हे आधी सांगितलं नाही तर लोक कॅप काढून घ्यायला येतात.

सगळे दात एकाच वेळी भूल देऊन करण्याचा पर्याय चर्चेत होता. मूल अजिबात जवळ येऊ देत नसेल, तर तोच बरा. इथे पहिल्या भेटीतल्या एका मिनिटाच्या औषधाने त्याचा धीर चेपला होता.

बाटली

हा भाग राहिला असता तर वरचं सगळं वर्षभरात वाया गेलं असतं. कॅपखालचे दात वाचले असते, पण नव्याने आलेल्या मागच्या दाढांचा नंबर लागला असता.

दिवसाच्या दोन बाटल्या पहिल्याच दिवशी पेल्यात गेल्या. रात्रीच्या तीन बाटल्यांसाठी उतरता क्रम लिहून दिला: दोन चमच्यांऐवजी दोन रात्री दीड, दोन रात्री एक, दोन रात्री अर्धा, मग बिनसाखरेचं. त्यानंतर दुधात पाणी वाढवत आठवड्याभरात नुसतं पाणी. चौथ्या रात्री गाडी अडली. वडील दिवसपाळीवरून येऊन झोपलेले, पोराने आकांत मांडला, आणि आजीने पुन्हा दोन चमचे साखर घालून बाटली दिली. पुढच्या दोन रात्रीही तसंच, आईला न सांगता.

आजीला बोल लावणं सोपं होतं. पण रात्री उठणारी तीच होती, आणि भिंतीपलीकडच्यांची झोपमोड होऊ नये ही तिची काळजी रास्त होती. म्हणून योजनाच बदलली. झोपण्याआधी आठच्या भाकरीसोबत पेलाभर बिनसाखरेचं दूध, म्हणजे भुकेचा प्रश्न मिटला. साडेनऊला ब्रश आजीच करणार. रात्री रडला तर पाणी आणि थोपटणं, आणि हे सगळं वडिलांच्या रात्रपाळीच्या आठवड्यात सुरू करायचं. तो आठवडा संक्रांतीचा होता. गड्ड्याच्या जत्रेवरून परत येताना बाटली तिथेच विसरली असं मुलाला सांगितलं. तीन रात्री रडला, चौथ्या रात्री एकदाच उठला.

त्याच पंधरवड्यात शेजारी बोरन्हाण. चुरमुरे, बोरं, हलवा, गोळ्या यांची ओंजळ भरून आली. बंदी घातली नाही. जेवणाला लागून एकदाच खायचं आणि उरलेलं डब्यात. दिवसभर खिशातून हलव्याचा एकेक दाणा काढून चघळण्यात दातांचं खरं नुकसान आहे.

ब्रश

मुलाचं डोकं आजीच्या मांडीवर, पाय लांब, उजेड समोरून. आजीने आधी हात साबणाने धुवायचे, कारण बोटांना तंबाखूची धूळ असते. ब्रशचं डोकं छोटं, केस मऊ. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तिसऱ्या वाढदिवसानंतर वाटाण्याएवढी. ट्यूबवर फ्लोराइड १००० पीपीएम लिहिलेलं हवं. लहान मुलांच्या चित्रांच्या ट्यूबमध्ये ते पुष्कळदा निम्मं असतं किंवा नसतंच. आधी वरचा ओठ बोटाने उचलून हिरडीची कड, मग दाढा. लाल मंजन बंद, ते खरखरीत असतं आणि दात झिजवतं.

शेवटी चूळ नाही, फेस पुसायचा किंवा थुंकवायचा. चूळ भरली की फ्लोराइड धुऊन जातं. सोलापुरात ही सूचना लोकांना लगेच पटते: नळाला काही दिवसांआड पाणी, पिंपातलं पाणी रात्री मोजून वापरायचं, आणि "दात घासायला पाणी लागत नाही" म्हटल्यावर रात्रीच्या ब्रशची एक सबब कमी होते. घरात पिण्याला बोअरचं पाणी असेल तर त्यातलं फ्लोराइड एकदा तपासून घ्यावं. दीड मिलिग्रॅम प्रतिलिटरपेक्षा जास्त असेल तर वार्निशचं वेळापत्रक डॉक्टरांनी पाहून ठरवावं.

तीन महिने, सहा महिने

तीन महिन्यांनी ५१ आणि ५२ काळे, कडक, चकचकीत. म्हणजे कीड थांबलेली. ६२ ची एक कड टोकाखाली अजून मऊ होती. कारण सापडलं: मुलगा उजव्या हाताने ब्रश धरणाऱ्या आजीच्या मांडीवर डोकं वळवायचा आणि ती कड कायम सुटायची. औषध पुन्हा लावलं, आजीला दुसऱ्या बाजूला बसवलं. या वेळी थेंब शर्टावर पडला. कातडीवरचा डाग काही दिवसांत जातो, कापडावरचा जात नाही. एप्रन हनुवटीपर्यंत बांधायला हवा होता.

सहा महिन्यांनी तिन्ही कॅप जागेवर, ८४ ची पांढरी रेघ चमकदार झालेली, नव्या मागच्या दाढा स्वच्छ, वजन १३.१ किलो. वार्निश पुन्हा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, तेव्हा काळे दात पाहून "किडलेले" अशी नोंद होऊ नये म्हणून आईजवळ उपचारांची चिठ्ठी दिली.

फाइलच्या शेवटच्या ओळीत सव्वातीन वर्षांच्या या मुलाची अडीच वर्षं पुढची तारीख आहे. सहाव्या वर्षाच्या आसपास पहिली पक्की दाढ येईल. ती कुठलाही दुधाचा दात न पाडता सगळ्यांच्या मागे उगवते, म्हणून घरात तीही दुधाचीच समजली जाते.